पीजीपी माझी, लिस्प सगळ्यांचं

आमच्या रबाळ्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नवं कुणी रुजू झालं की आठवड्याभरात मागणी येतेच, "ताई, तुमची शॉर्टकटची फाईल द्या ना." ती फाईल, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरची पीजीपी, मी देत नाही. लिस्पचं, म्हणजे त्याच ऑटोकॅडसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचं, फोल्डर मात्र पहिल्याच दिवशी, न मागता देते आणि शेजारी बसून त्यातलं एकेक चालवून दाखवते. एक मागूनही द्यायचं नाही आणि दुसरं न मागता द्यायचं, याची कारणं तोंडी पुष्कळदा सांगून झाली. आता लिहूनच ठेवते.

आमचं काम फॅब्रिकेशनचं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं एमआयडीसीचा टीटीसी, म्हणजे ट्रान्स-ठाणे क्रीक, औद्योगिक पट्टा पसरलाय, त्यातलंच एक युनिट. टाक्या, प्रेशर व्हेसल, डक्ट, प्लॅटफॉर्म, पाइप सपोर्ट. खाली शॉप म्हणजे कारखाना, वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस. मी आयटीआयची, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. दोन वर्षांच्या त्या ट्रेडमध्ये बोर्डावर ड्राफ्टर लावून हात बसला आणि नंतर ऑटोकॅड भेटलं ते रिलीज १४. पुढं व्हर्जनं बदलत गेली, मेनू गेले, रिबन आली, स्क्रीन काळी-करडी झाली. पण खालची कमांड लाइन आणि तिच्यात टाइप करायची अक्षरं तीच राहिली. एल दाबलं की लाइन, ओ दाबलं की ऑफसेट, टीआर म्हणजे ट्रिम.

ही अक्षरं अकॅड डॉट पीजीपी नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात. नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत आधी छोटं अक्षर, मग स्वल्पविराम, मग तारा आणि कमांडचं पूर्ण नाव. बस्स, एवढंच व्याकरण. रिबनवर मॅनेज टॅबमधून एडिट अलायसेस म्हटलं की हीच फाईल समोर येते. बदल सेव्ह करून रीइनिट कमांड द्यायची, पीजीपीवर टिक करायची, की ऑटोकॅड बंद न करता नवी अक्षरं लागू. आपल्या ओळी फाईलच्या तळाशी लिहाव्यात. एकच अक्षर दोनदा आलं तर नंतरचं धरलं जातं, शिवाय आपलं आणि मूळचं वेगळं दिसत राहतं.

आता माझं म्हणणं. ही मूळ अक्षरं इंग्रजी नावांवरून पडली आहेत, हातांचा विचार करून नाही. उजवा हात माउसवर असतो, डावा की-बोर्डवर. आणि लाइनचा एल, मूव्हचा एम, ऑफसेटचा ओ, पॉलिलाइनचं पीएल, मिररचं एमआय ही सगळी की-बोर्डच्या उजव्या अंगाला. म्हणजे एक तर डावा हात ओलांडून न्यायचा, नाही तर उजव्यानं माउस सोडायचा. दोन्हीत नजर ड्रॉइंगवरून उठते. लोक शॉर्टकटचं कौतुक वेळ वाचतो म्हणून करतात. वेळ वाचतो हे खरंच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती ही नजर. डिशएंडचा, म्हणजे टाकीच्या टोकाच्या बशीसारख्या झाकणाचा, प्लॅन, त्यावर नोझलची, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडांची, वर्तुळं, त्यांच्या मजबुतीच्या रीइन्फोर्समेंट पॅडची वर्तुळं, सेंटरलाइनी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. आपण कुठल्या वर्तुळावर होतो हे डोळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. की-बोर्डकडे पाहून परत आलं की ते वर्तुळ पुन्हा शोधावं लागतं, आणि पॅडच्या जागी नोझलचं वर्तुळ उचललं जातं ते नेमकं तेव्हा.

म्हणून मी माझ्या रोजच्या कमांड डाव्या हाताखाली आणल्या. जोडअक्षरं घेतली, म्हणजे तीच की दोनदा. सीसी म्हणजे कॉपी, व्हीव्ही मूव्ह, एफएफ ऑफसेट, डीडी सरळ डायमेन्शन. एकेरी सी, एकेरी एफ यांना हात लावला नाही. ते सर्कल आणि फिलेटचेच राहिले. जोडअक्षर घेण्याआधी ते मोकळं आहे का, हे फाईलमध्ये शोधून पाहायचं. एए आधीच एरियाचं आहे, आरआर रेंडरचं. रेंडर मला लागत नाही, पण एरिया दिवसभर लागतो, तेव्हा एए जिथं आहे तिथंच हवं होतं.

कुठल्या कमांड आणायच्या हे अंदाजानं ठरवू नये. लॉगफाइलऑन ही कमांड एकदा दिली की टेक्स्ट विंडोत जे जे उमटतं ते सगळं एका लॉग फाईलमध्ये लिहिलं जातं. नेहमीचं काम करत राहायचं आणि आठवड्यानं ती उघडून पाहायची. माणसाला वाटतं आपण लाइन आणि सर्कल जास्त वापरतो. फाईल सांगते की आपण सगळ्यात जास्त झूम, मूव्ह, कॉपी, ट्रिम आणि अनडू करतो. मला स्वतःला मॅचप्रॉप, म्हणजे एका रेघेचे गुण दुसरीला देणारी कमांड, इतक्या वेळा दिसलं की त्याचं एमए डावीकडं आणणं सगळ्यात आधी केलं. आणि एका वेळी दोन-तीनच अक्षरं बदलावीत. ती बोटांत उतरली, की पुढची. एका रात्रीत चाळीस ओळी बदललेला माणूस दुसऱ्या दिवशी जुनंही विसरतो आणि नवंही आठवत नाही.

तर ही फाईल का देत नाही? आमच्याकडं एक डावखुरा मुलगा आहे. त्याचा माउस डावीकडं, की-बोर्डवर उजवा हात. त्याला एल, एम, ओ, पी ही मूळचीच अक्षरं हाताखाली मिळतात. त्याची अडचण ट्रिम, एक्सटेंड, कॉपी आणि स्ट्रेचची. त्याच्या गळ्यात माझी फाईल घातली तर मी त्याचं काम अवघड करीन. दुसरी एक मुलगी आहे, तिचं बहुतेक काम जनरल अरेंजमेंटचं, म्हणजे सगळी मांडणी एकत्र दाखवणाऱ्या ड्रॉइंगचं. तिला एक्स-रेफ, व्ह्यूपोर्ट, मल्टीलीडर या कमांड लागतात. मला कटिंगची प्रोफाईल, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या कडा, करायची असतात. हाताची लांबी, कामाचा प्रकार, आधीची सवय, सगळं ज्याचं त्याचं. पीजीपी ही चपलेसारखी आहे, ती ज्याची त्यानं पायाला लावून घ्यावी. मी प्रत्येकाची लॉग फाईल चालू करून देते, आठवड्यानं ती उघडून त्याच्याबरोबर बसते आणि त्याच्या यादीतून त्याच्याकडूनच अक्षरं ठरवून घेते.

एक नियम मात्र सगळ्यांना पाळायला लावते. मूळ अक्षराचा अर्थ बदलायचा नाही. ई म्हणजे इरेज, तो इरेजच. शेजारचा रजेवर असला, पार्टीचा म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन आला आणि त्याच्या मशीनवर बसावं लागलं, तर मूळ अक्षरांनी काम झालंच पाहिजे. स्वतःची हवी तितकी वाढवा, जुनी मोडू नका.

राइट क्लिकचं थोडक्यात सांगून पुढं जाते. ऑप्शन्समध्ये युझर प्रेफरन्सेसमध्ये राइट क्लिकची वेळ ठरवता येते. पटकन दाबलं तर एंटर, थोडं धरून ठेवलं तर मेनू. मुळात २५० मिलिसेकंद असतात. हे एकदा चालू करून बघा, अंगठ्याचं स्पेसबारवरचं निम्मं काम कमी होतं. सीयूआयमध्ये, म्हणजे मेनू-बटणं बदलायच्या खिडकीत, कंट्रोल-शिफ्टची जोडणी करून बटणांमागचे मॅक्रोही, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडही, लिहिता येतात. तिथं कॅरेट सी दोनदा म्हणजे चालू कमांड रद्द, अर्धविराम म्हणजे एंटर, उलटी तिरकी रेघ म्हणजे थांब आणि माणसाला क्लिक करू दे. सगळ्यांच्या आधी तारा लावला तर एस्केप दाबेपर्यंत कमांड परत परत येते. नोझलचे मार्क एकामागून एक टाकायला हा तारा फार उपयोगी.

आता लिस्प. मला या विषयावर लिहायचं होतं ते खरं इथून पुढचं.

ऑटोलिस्प १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे, म्हणजे डॉसच्या दिवसांपासून. आमच्या फोल्डरमधली एक फाईल माझ्या आधीच्या सिनियर ड्राफ्ट्समननी रिलीज १२ च्या काळात लिहिलेली आहे आणि ती आजच्या व्हर्जनमध्येही जशीच्या तशी चालते. पीजीपीत एका अक्षराला फक्त एक कमांड जोडता येते. तिचे पर्याय, तिची उत्तरं जोडता येत नाहीत. लिस्पमध्ये प्रश्न विचारता येतात, गणित करता येतं, तक्ता ठेवता येतो. म्हणून शॉपमधलं शहाणपण तिथं लिहून ठेवता येतं, आणि मला लिस्प आवडतं ते त्यासाठी.

शेलचं, म्हणजे टाकीच्या नळकांड्यासारख्या अंगाचं, उदाहरण घ्या. टाकीचा आतला व्यास १५००, प्लेट १० मिलिमीटर. सपाट प्लेट किती लांब कापायची? मधल्या व्यासावर, म्हणजे १५१० गुणिले पाय (π), ४७४३.८. कॉलेजातून नव्यानं आलेला मुलगा बहुधा ड्रॉइंगवर लिहिलेला १५०० घेतो, त्याचे ४७१२.४ होतात. एकतीस मिलिमीटर कमी. रोलिंगवरून प्लेट उतरली की लाँग सीममध्ये, म्हणजे लांबीच्या जोडात, ती एकतीसची फट समोर येते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे त्या मुलाला माहीत नसणं हा त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आमचं शेलचं लिस्प विचारतं, "आयडी?" म्हणजे आतला व्यास, मग "जाडी?" मग "उंची?" आणि मधल्या व्यासावरचा आयत काढून देतं, चारही दिशांच्या रेघांसह, शून्य, नव्वद, एकशेऐंशी, दोनशेसत्तर. त्या रेघा एका फिटरच्या सांगण्यावरून शॉपमधल्या फोरमन काकांनी मागितल्या होत्या. नोझलचं मार्किंग करणाऱ्या फिटरला प्लेटवर दिशा लिहिलेली मिळाली की त्याला वर येऊन विचारावं लागत नाही.

फ्लँजचं, म्हणजे पाइप बोल्टनं जोडायच्या चकतीचं, त्याहून महत्त्वाचं. आम्ही बहुतेक एएसएमई बी१६.५ या मानकाची फ्लँज वापरतो. चार इंची, १५० क्लास (दाबाची श्रेणी) म्हणजे आठ होल, पीसीडी, म्हणजे होलांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १९०.५. सहा इंचीलाही आठच, पीसीडी २४१.३. पण तीन इंची १५० क्लासला चारच होल असतात आणि तीच तीन इंची ३०० क्लासची आली की आठ. हे पाठ असलेली माणसं शॉपमध्ये आहेत, ऑफिसात दर वेळी तक्ता उघडावा लागायचा. आमच्या लिस्पमध्ये तो तक्ता आत आहे. साइज आणि क्लास सांगायचा, वर्तुळं येतात.

तक्ता कुठूनही मिळेल. होल कुठून सुरू करायची, हे तक्त्यात नसतं. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर व्हेसलच्या नोझलवर बोल्टची होल सेंटरलाइनच्या दोन्ही बाजूंना बसवतात, सेंटरलाइनवर एकही होल येत नाही. आठ होल असतील तर दोन होलांत ४५ अंश, म्हणजे पहिलं होल २२.५ अंशावर. चार असतील तर ४५ वर. ऑटोकॅडचा पोलर अरे, म्हणजे गोलाकार नकला मांडणारी कमांड, जिथं पहिलं वर्तुळ काढाल तिथून मोजतो, आणि कुणालाही पहिलं वर्तुळ सरळ वर, सेंटरलाइनवरच काढावंसं वाटतं. तसं काढलं तर ड्रॉइंग सुंदर दिसतं, डायमेन्शन बरोबर येतात, चेकिंगलाही खटकत नाही. साइटवर पाइपिंगवाल्यांची फ्लँज येते आणि होल समोरासमोर येत नाहीत. वेल्ड कापून फ्लँज फिरवायची म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारावं. लिस्पमध्ये मी एकच ओळ लिहिली आहे, ३६० भागिले होलांची संख्या भागिले दोन, आणि तिथून सुरुवात. ज्या जॉबला पार्टीचं ओरिएंटेशन वेगळं असतं तिथं कोन बदलायचा प्रश्न येतो. प्रश्न आला की माणूस थांबतो आणि ड्रॉइंग परत वाचतो, म्हणून तो प्रश्न मी मुद्दाम ठेवला आहे.

कटिंगला डीएक्सएफ, म्हणजे मशीनला वाचता येणारी ड्रॉइंगची फाईल, पाठवायचं लिस्प सगळ्यात लांब आहे आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त माणसांचा हात फिरलाय. प्लाझ्मा कटिंग मशीनवर बसणारा ऑपरेटर, नेस्टिंग करणारा म्हणजे प्लेटवर तुकडे बसवणारा, फोरमन काका, आमचे सर, सगळ्यांनी त्यात भर घातली. प्लाझ्माला ड्रॉइंग नको असतं, त्याला फक्त रेघ हवी असते. एकावर एक दोन रेघा पडल्या असतील तर टॉर्च त्याच वाटेनं दोनदा जाते. म्हणून ओव्हरकिल चालवायचं, ते दुहेरी रेघा काढून टाकतं. कुठं तरी एखाद्या बिंदूची झेड उंची शून्य नसते, म्हणून फ्लॅटन. मग पीएडिटनं सुट्या रेघा जोडायच्या, त्यात फझ अंतर द्यायचं, म्हणजे टोकाला केसभर फट असली तरी जुळतात. डायमेन्शन, हॅच, सेंटरलाइन लेयरप्रमाणे बाहेर. शेवटी आर१२ मध्ये, म्हणजे रिलीज १२ च्या रूपात, डीएक्सएफ, कारण आमच्या मशीनच्या सॉफ्टवेअरला तेच नीट वाचता येतं. आर१२ मध्ये स्प्लाइन (मुक्त वळणाची रेघ) आणि खरी एलिप्स नाहीतच, त्या रिलीज १३ मध्ये आल्या. त्यामुळं कुणी स्प्लाइननं कडा काढली असेल तर ती वाटेत तुकड्यातुकड्यांची होते. लिस्प अशी स्प्लाइन दिसली की थांबतं आणि ती जांभळी करून दाखवतं. जी प्रोफाईल बंद झाली नाही ती लाल करतं.

आणि एक आकडा दाखवतं, बाहेरची लांबी-रुंदी, मिलिमीटरमध्ये. आर१२ डीएक्सएफमध्ये मोजमापाचं एकक लिहिलेलं नसतं. पार्टीनं ड्रॉइंग इंचात केलेलं असलं तर खाली ते पंचवीस पट लहान जातं, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात, कारण झूम एक्स्टेंट्स केलं की सगळंच स्क्रीनभर होतं. ३०० चा गसेट (आधाराची प्लेट) ११.८ दिसला की माणूस जागा होतो. ही सूचना नेस्टिंग करणाऱ्याची. त्याला लिस्प म्हणजे काय माहीत नाही, ऑटोकॅडही येत नाही, पण मॅक्रोत काय असायला हवं ते त्याला आमच्याहून जास्त कळलं.

वजनाचं लिस्प सगळ्यात छोटं आहे. बंद प्रोफाईल निवडा, जाडी सांगा, किलोत वजन येतं. चौरस मीटर गुणिले जाडीचे मिलिमीटर गुणिले ७.८५. पंधराशे बाय सहा हजारची दहा मिलिमीटरची प्लेट ७०६.५ किलो. एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील असेल तर ८ धरतो. खरेदीचा माणूस दिवसातून किती तरी वेळा वर यायचा वजन विचारायला. आता ते पार्ट लिस्टमध्येच असतं.

हे सगळं लिहिताना मी काही पथ्यं पाळते, ती पोरांनाही सांगते. नेटवरून उतरवलेल्या पुष्कळ लिस्पमध्ये एक दुखणं असतं. ती सुरुवातीला ऑसमोड शून्य करतात, म्हणजे स्नॅप बंद, कारण लिस्पनं दिलेला बिंदू जवळच्या कुठल्या तरी टोकाला चिकटू नये. शेवटी परत चालू करतात. पण मधेच कुणी एस्केप दाबलं तर तो शेवट येतच नाही आणि स्नॅप बंदच राहतात. माणूस रेघ टोकाला लागली असं समजून काम करत राहतो. यासाठी एरर फंक्शन लिहायचंच, ज्यात जुना ऑसमोड परत बसवलेला असेल. सुरुवातीला अनडू बिगिन आणि शेवटी अनडू एंड टाकायचं, म्हणजे एका यू मध्ये सगळं मागं जातं. कमांडच्या नावाआधी अधोरेषा आणि टिंब द्यायचं. टिंब दिलं की त्या नावाची कमांड कुणी बदलून ठेवली असली तरी मूळचीच चालते.

आणि टिपा लिहायच्या. लिस्पमध्ये अर्धविरामापुढं लिहिलेलं मशीन वाचत नाही, ते माणसासाठी. आमच्या फाईलमध्ये प्रत्येक आकड्यापुढं तो कुणी, कशासाठी सांगितला ते असतं. पूर्वी आम्ही ते रोमन अक्षरांत मराठी असं लिहायचो. २०२१ च्या व्हर्जनपासून लिस्प फाईल युनिकोडमध्ये चालते, तेव्हा आता सरळ देवनागरीत लिहितो. "फिटरला दिशा हवी म्हणून" असं मराठीत लिहिलेलं असलं की पाच वर्षांनी ती ओळ कुणी फालतू समजून काढून टाकत नाही.

देवनागरीवरून आठवलं. ज्यांच्या मशीनवर मराठी की-बोर्ड टाकलेला आहे त्यांनी लक्षात ठेवा, की-बोर्ड मराठीवर राहिला असेल तर एल दाबल्यावर कमांड लाइनवर भलतंच अक्षर येतं आणि अननोन कमांड म्हणून उत्तर येतं. शॉर्टकट बिघडले असं वाटून पीजीपी उपसत बसू नका. विंडोज की आणि स्पेसनं की-बोर्ड बदला. आणि सरकारी कामाच्या टायटल ब्लॉकमध्ये मराठी लिहायचं असेल तर टेक्स्ट स्टाइलला मंगलसारखा ट्रूटाइप फाँट द्या. नेहमीच्या एसएचएक्स फाँटमध्ये आपली अक्षरं नाहीत, तिथं नुसती प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात.

लिस्प सगळ्यांचं म्हणते, तर ते ठेवायचं कसं हेही सांगायला हवं. आमचं फोल्डर सर्व्हरवर आहे. वाचायला सगळ्यांना, लिहायला दोघांनाच. प्रत्येकाच्या ऑटोकॅडमध्ये सपोर्ट पाथमध्ये आणि ट्रस्टेड लोकेशनमध्ये त्याचा पत्ता घातलाय. हे ट्रस्टेड लोकेशन फार गंभीरपणे घ्या. ऑटोकॅड उघडताना अकॅड डॉट एलएसपी आणि प्रत्येक ड्रॉइंगबरोबर अकॅडडॉक डॉट एलएसपी या नावाची फाईल सापडली तर ती आपोआप चालते. याचा फायदा घेऊन पसरणारे व्हायरस आहेत. बाहेरून झिप येते, आत ड्रॉइंगं आणि त्यांच्यामध्ये लपलेली एक छोटी लिस्प फाईल. ड्रॉइंग उघडलं की ती दर फोल्डरमध्ये स्वतःची नक्कल टाकत सुटते. ऑटोकॅड २०१४ पासून सिक्युअरलोड नावाचं व्हेरिएबल आलं. ते एकवर असेल तर भरवशाच्या फोल्डरबाहेरची फाईल चालवण्याआधी विचारतं. कटकट वाटते म्हणून ते शून्य करणारे खूप भेटतात. कृपा करून करू नका. आणि झिप आली की आधी एलएसपी, एफएएस, व्हीएलएक्स या लिस्पच्या फाईली शोधून काढा, मग ड्रॉइंग उघडा.

टीटीसीतल्या लहान युनिटांतून विचारतात, आमच्याकडं एलटी आहे, आम्ही काय करायचं? एलटीमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या कमी सोयींच्या आवृत्तीत, लिस्प नव्हतं, २०२४ च्या व्हर्जनपासून ते आलं. जुनी एलटी असेल तर पीजीपी, सीयूआयचे मॅक्रो आणि स्क्रिप्ट यांवर पुष्कळ जमतं. स्क्रिप्ट म्हणजे कमांड लाइनवर जे टाइप केलं असतं ते ओळीनं लिहिलेली टेक्स्ट फाईल. तिच्यात प्रत्येक मोकळी जागा म्हणजे एंटर, त्यामुळं एक जादा स्पेस पडली की मागची कमांड परत सुरू होते. एवढं सांभाळलं की रात्री निघताना स्क्रिप्ट लावून सकाळी सगळ्या शीटा पर्ज आणि ऑडिट, म्हणजे साफ आणि तपासून, तयार. ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅड ही ऑटोकॅडसारखी दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आमची साधी लिस्प चालवून पाहिली आहेत, थोड्याफार फरकानं चालतात. अ‍ॅक्शन रेकॉर्डर मी शिकवायला वापरते. आपण केलेलं मशीन पुन्हा करून दाखवतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पोरांची भीती जाते. रोजच्या कामाला तो तोकडा पडतो.

काही ऑफिसांत मी पाहिलंय, चांगली लिस्प लिहिणारा माणूस ती एफएएस करून, म्हणजे आतलं दिसणार नाही अशी, वाटतो किंवा वाटतच नाही. नोकरीची काळजी असते, मला ती समजते. पण आत काय आहे ते खालच्या माणसाला दाखवता आलं नाही, तर त्याचं म्हणणं त्यात शिरणार कसं? आमचा शेलचा आयत दिशांसह येतो तो एका फिटरमुळं, आणि त्या ओळीपुढं तसं लिहिलेलं आहे. माझ्याइतकाच तो त्या फाईलचा धनी आहे.

सध्या डिशएंडच्या ब्लँकचं काम चाललंय. टोरिस्फेरिकल डिशएंडसाठी किती व्यासाची सपाट प्लेट कापायची, याची सूत्रं बाहेर पुष्कळ मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. दाबताना प्लेट किती ताणली जाते, स्ट्रेट फेस म्हणजे काठाची सरळ पट्टी किती ठेवायची, काठ छाटायला किती सोडायचं, हे दाबणाऱ्याच्या मशीनवर ठरतं. आमची डिशएंड बाहेरून दाबून येतात. म्हणून मी फोरमन काकांना म्हटलं, पुढच्या लॉटला ब्लँक जाण्याआधी तिचा व्यास मोजून लिहा आणि डिश होऊन आली की काठापर्यंतची उंची चार ठिकाणी मोजा. ते म्हणाले, "चार नको, आठ ठिकाणी मोजतो, डिश कधी गोल नसते." त्यांची वही भरली की त्यातले आकडे घेऊन सूत्र बसवायचं. तोपर्यंत त्या लिस्पमध्ये व्यासाचा प्रश्न माणसालाच विचारला जातो, आणि प्रश्नापुढं लिहिलंय, "काकांना विचारून भरा."